उलटी पडलेली बर्फी आणि पुण्याला करायचा फोन

वाचकाचं पत्र:

माझा मुलगा गेल्या जुलैपासून पुण्याला शिकायला आहे. हॉस्टेलवर प्राणी ठेवू देत नाहीत, म्हणून त्याचे दोन लहान टॅरँटुला कोळी नागपूरला माझ्याकडेच राहिले. मेक्सिकन रेड नी जातीचे आहेत. गुडघे नारिंगी, म्हणून एकीचं नाव संत्री आणि दुसरीचं बर्फी. सुरुवातीला मला त्या डब्यांकडे बघवत नव्हतं. आता सकाळी उठल्यावर आधी तिकडेच बघते. एप्रिलच्या शेवटी बर्फी पाठीवर पडलेली दिसली, पाय वर. मी घाबरून रंगाच्या ब्रशने तिला सरळ केलं. ती थोडी हलली, म्हणून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती, पाय अर्धे जुन्या सालीत अडकलेले. मुलाला अजून सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर संत्रीचाच डबा दाखवते. आता संत्रीनेही २५ दिवस झाले, काही खाल्लं नाही. एका जागी बसून असते, खाली पांढरं जाळं पसरलंय, पोट मागून काळं पडलंय. सासूबाई म्हणतात, "उपाशी मारून राह्यली तू त्या जिवाले." म्हणून रोज एक रातकिडा सोडते, तो तसाच फिरत राहतो. डबा कूलरसमोरच्या टेबलावर असतो, पण पाणी प्यायला ठेवलेलं बाटलीचं झाकण दुपारपर्यंत कोरडं होतं. बर्फीच्या वेळीही तसंच व्हायचं. काय करू? आणि बर्फी माझ्यामुळे गेली का?
(एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर:

प्रिय ताई,

संत्रीच्या डब्यात आत्ता रातकिडा असेल तर आधी उठून तो बाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा. लांब चिमटा नसेल तर त्याच्यावर छोटी वाटी पालथी घाला, खालून जाड कागद सरकवा आणि उचला. कोकोपीटमध्ये (डब्यातल्या नारळाच्या भुशात) लपला असेल तर कोपऱ्यात गाजराचा तुकडा ठेवा. अंधार पडला की तो खायला बाहेर येतो.

घाई करायला सांगते, कारण तुमच्या पत्रातली प्रत्येक खूण एकच गोष्ट सांगते आहे. संत्री कात टाकणार आहे. त्या वेळी तिला ना पळता येत, ना चावता येत. भुकेला रातकिडा अशा कोळ्याला जिवंत कुरतडतो. माझ्याकडचा पहिला कोळी असाच गेला. दोन दिवस खात नव्हता म्हणून मी दोन रातकिडे आत सोडून झोपले आणि सकाळी अर्धा कोळी सापडला. मीही त्याला उपाशी ठेवायचं नाही म्हणूनच ते सोडले होते. त्यामुळे सासूबाईंचा जीव का तुटतो ते मला कळतं. त्यांना सांगा, तिचं पोट फुगलेलं आहे ना, मग ती उपाशी नाही. टॅरँटुलाची तब्येत पाहायची तर पोट पाहायचं. पोट टपोरं असेल तर महिनाच काय, दोन-तीन महिने न खाता राहिला तरी त्याला काही होत नाही. पोट सुरकुतलं, पुढच्या भागापेक्षा बारीक दिसू लागलं, तर काळजी करायची. तुम्ही २५ दिवस लिहिले आहेत. रेड नी हळू वाढणारी जात, तिच्या पिल्लांसाठी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तिने खाणं का सोडलं, ते सांगते. कोळ्याला आपल्यासारखी आत हाडं नसतात. त्याचं कवच हाच त्याचा सांगाडा, आणि ते कवच वाढत नाही. अंग वाढलं की जुनं कवच उतरवून नवं धारण करावं लागतं. लहान पिल्लं महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतात, जरा मोठी झाली की काही महिन्यांनी, आणि पूर्ण वाढलेली मादी वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. नवं कवच जुन्याच्या आत, घडी घातल्यासारखं तयार होतं. दोन्हींच्या मध्ये एक द्रव सुटतो, तो जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतो आणि त्यातलं बरंचसं अंग परत शोषून घेतं. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. या काळात दात, घसा, जठराचं अस्तर, सगळंच बदलत असतं, कारण कात टाकताना कोळी तोंडाच्या आतलं अस्तरही टाकतो. खाणार कशाने?

पोट काळं पडणं हीसुद्धा त्याचीच खूण. रेड नी पोटावरचे बारीक केस पायाने उडवते, त्यामुळे मागे टक्कल पडतं. एरवी ते टक्कल फिकट, कातडीच्या रंगाचं दिसतं. आत नवे केस तयार झाले की त्यांचा काळा रंग वरून दिसू लागतो आणि टक्कल काळंभोर, चकचकीत होतं. आणि ते पांढरं जाळं म्हणजे तिने स्वतःसाठी अंथरलेली चटई आहे. ते काढू नका, डबा साफ करू नका. काहींचा पुढचा रंगही मळकट होतो, हालचाल मंदावते. संत्रीत यातलं बरंच काही दिसतंय, म्हणजे फार दिवस उरलेले नाहीत.

आता बर्फीबद्दल. तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. हो, तिला सरळ केल्यामुळे तिचा जीव गेला असण्याची शक्यता मोठी आहे. ती मेली म्हणून उलटी पडली नव्हती. टॅरँटुला कात टाकताना बहुतेक वेळा पाठीवरच पडतो, कधी कुशीवर. त्या स्थितीत पायांवर भार नसतो, ते मोकळेपणी ओढून काढता येतात. आधी हृदयाची गती वाढते. पोटातलं रक्त पुढच्या भागात ढकललं जातं, तिथला दाब वाढतो आणि पाठीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं उघडतं. मग पोटाच्या बाजूच्या साली फाटतात. शेवटी आठही पाय आणि तोंडापुढचे दोन छोटे अवयव, घट्ट चुडीदारातून पाय काढावा तसे, दम घेत घेत, थोडे थोडे बाहेर येतात. तेव्हा तो पाय ओल्या पापडासारखा मऊ असतो. त्या क्षणी कुणी त्याला पालथं केलं तर पाय मध्येच वाकतात, अडकतात, फाटतात. आणि मऊ अंगातून रक्त वाहू लागलं तर त्याला थांबवता येत नाही.

पण पाण्याचं झाकण दुपारपर्यंत कोरडं व्हायचं, हेही तुम्ही लिहिलंय. दोन कवचांमधला तो द्रव तयार व्हायला अंगात पाणी लागतं. शरीर कोरडं पडलेला कोळी कोणी हात न लावताही कातीत अडकून मरतो. नागपूरच्या एप्रिलअखेरच्या हवेत हे अगदी शक्य आहे. त्यामुळे सगळं ओझं त्या एका ब्रशवर टाकू नका. आपण आयुष्यभर पाय वर करून पडलेलं झुरळ पाहिलं आहे, पाल पाहिली आहे, आणि ती मेलेलीच असते. कोळी न पाळलेल्या कुणाचाही हात तसाच पुढे गेला असता.

यापुढे ओळखायचं कसं, तेवढं लक्षात ठेवा. पाठीवर पडलेला कोळी बहुतेक वेळा जिवंत असतो. मेलेला किंवा मरायला टेकलेला कोळी बहुधा पोटावर असतो आणि त्याचे सगळे पाय मुठीसारखे खाली, आत वळलेले असतात. कोळ्याच्या पायात वाकवणारे स्नायू असतात, पण मुख्य सांध्यांत पाय लांब करणारे स्नायू नसतात. पाय सरळ होतो तो रक्ताच्या दाबाने. अंगातलं पाणी गेलं की दाब जातो आणि पाय आपोआप आखडतात. तसं कधी दिसलं, तर पाण्याच्या उथळ झाकणाच्या काठावर त्याच्या अंगाचा पुढचा भाग येईल असं अलगद ठेवायचं. हात लावायची वेळ ती एकच.

तुमच्या घरात आज काय करायचं, ते आता सांगते, कारण नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आहे. या जातीचं मूळ घर मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतचं कोरडं जंगल, काही महिने कोरडे आणि मग पाऊस. आपल्या पेंचच्या किंवा उमरेडच्या पानगळीच्या जंगलापेक्षा स्वभावाने फार वेगळं नाही. त्यामुळे लोक म्हणतात, या कोळ्याला कोरडं चालतं. चालतं, पण तिथे तो जमिनीत खोल बिळात राहतो. वर माती तापली तरी बिळात गारवा आणि ओल असते. तुमच्या डब्यात जेमतेम चार-पाच इंच कोकोपीट असेल, तिला पळायला खाली जागाच नाही. बिळाचं काम तुम्हाला करावं लागणार.

डबा कूलरसमोरून आधी हलवा. कूलरची हवा खोलीसाठी ओलसर असते हे खरं, पण तोच झोत सरळ जाळीच्या झाकणावर आला की डब्यातलं पाणी भराभर उडतं. शिवाय कूलर थरथरतो, आणि कात टाकणाऱ्या कोळ्याला थरथर म्हणजे कुणीतरी येतंय, अशी जाणीव होते. त्याच खोलीत, पण झोताबाहेर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब आणि शक्यतो खाली फरशीजवळ ठेवा. उन्हाळ्यात फरशीजवळची हवा वरच्यापेक्षा गार असते. २४ ते ३० अंशांत ती सुखात राहते. बाहेर ४५ असताना घरात ३५-३६ झाले तरी थोडे तास ती काढते, पण चाळिशीच्या पुढे जीव धोक्यात येतो. लाईट गेली आणि कूलर बंद पडला, तर डबा पाण्याच्या माठाशेजारी ठेवा. माठ पाझरतो, त्याच्याभोवतीची हवा गार राहते. बर्फ लावू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि डब्यावर ओलं फडकं घालायचं असेल तर हवेच्या भोकांची एक बाजू मोकळी सोडा.

पाणी अंगावर फवारायचं नाही. बाटलीने डब्याच्या एका कोपऱ्यात, भिंतीच्या कडेने हळूहळू ओता, म्हणजे ते खालच्या थरात मुरेल. वर कोरडं, खाली ओल, अर्धा डबा ओला आणि अर्धा सुका. मग तिला हवी ती बाजू ती निवडते. पिण्यासाठी बाटलीचं झाकण ठेवता तेच ठीक आहे, फक्त दिवसातून दोनदा भरा, सकाळी आणि तुम्ही दुपारी जेवून उठता तेव्हा. ती बसलीय त्या जाळ्याला धक्का न लागू देता भरा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्याकडच्या घरांत मला तिचीच जास्त भीती वाटते. लाल मुंग्या. ओल आणि मेलेल्या किड्यांचे तुकडे यांच्या वासावर त्या येतात, आणि मऊ अंगाच्या कोळ्याचा त्या काही तासांत फडशा पाडतात. आणि मुंग्या दिसल्या की आपला हात स्प्रेकडे किंवा मुंग्यांच्या खडूकडे जातो. तसं करू नका. झुरळ-मुंग्या मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीनही लावू नका. दुधाचं पातेलं मुंग्यांपासून वाचवायला आपण पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तसाच हा डबाही ठेवा. परातीत मधोमध एक वीट किंवा पालथी ताटली, त्यावर डबा. मुंग्यांचा प्रश्न संपतो आणि आजूबाजूची हवाही थोडी गार राहते.

मग एखाद्या दिवशी, बहुतेक रात्री किंवा पहाटे, ती पाठीवर पडेल. तेव्हा खोलीतला मोठा दिवा बंद करा, डबा हलवू नका, झाकण उघडू नका. तिच्या आकाराच्या पिल्लाला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. मध्ये बराच वेळ काहीच हालचाल दिसणार नाही. तेव्हा तुमचा हात पुढे जाईल, हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरात जा, भाकरी थापा, सासूबाईंशी बोलत बसा. कात सुटल्यावरही ती बराच वेळ तशीच ओलीचिंब, पाय पसरून पडून राहील आणि आपणच सरळ होईल. एखादा पाय कातीत अडकलेला दिसला तरी ओढू नका. कोळी तो पाय स्वतः तोडून टाकू शकतो, आणि लहान वयात पुढच्या एक-दोन कातींमध्ये नवा पाय येतो. एका पायाविना कोळी मजेत जगतो. ओढाओढ केलेला जगत नाही. फारच उशीर झालाय असं वाटलं, तर कोकोपीटच्या कडेला थोडं पाणी ओता आणि मुलाला फोन करा.

नंतरचे दहा-बारा दिवस खायला देऊ नका. सुरुवातीला तिचे दात पांढरे असतात, मग तांबूस होतात, शेवटी काळे. काळे होईपर्यंत ते कडक झालेले नसतात, आणि मऊ दातांनी चावायला गेली तर तेच दुखावतात. पारदर्शक डबा आहे, ती भिंतीवर चढली की खालून दात दिसतील. पहिलं खाणं लहान द्या, तिच्या पोटापेक्षा छोटा रातकिडा. रात्रभरात खाल्ला नाही तर सकाळी काढून टाका. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून भरलेलं हवं.

राहता राहिला मुलगा. ताई, त्याला सांगा, आणि संत्रीची कात पडायच्या आधी सांगा. कात टाकतेवेळी तुम्हाला पहिला फोन त्यालाच करायचाय आणि तेव्हा मनात लपवलेलं काही असेल तर तो फोन तुम्ही टाळाल. दुसरं कारण कायद्याचं आहे. मेक्सिकन रेड नी वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि असे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. पाळणाऱ्याने त्यांची नोंदणी करायची असते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, आणि अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवरून करायचा असतो. प्राणी मेला तर तेही कळवायचं असतं. मुलाने दोघींची नोंदणी केली आहे का, विक्रेत्याची पावती कुठे आहे, हे त्याला विचारावंच लागेल. केली नसेल, तर त्यालाच वन विभागाशी बोलून ती करू द्या.

सांगताना फार मोठी प्रस्तावना करू नका. "बर्फी गेली. ती उलटी पडली होती, मला वाटलं मेली म्हणून मी तिला सरळ केलं. मला माहीत नव्हतं." एवढंच. तो रडेल, कदाचित चिडेलही, तुम्ही व्हिडिओवर एकच डबा दाखवत होतात त्याचा जास्त राग येईल. येऊ द्या. पण एक गोष्ट त्यालाही विचारा. जाताना त्याने तुम्हाला खाणं कधी द्यायचं ते सांगितलं, कात कशी टाकतात ते सांगितलं होतं का? पिल्लं दुसऱ्याच्या हाती देताना ही पहिली सांगायची गोष्ट असते आणि ती सांगायची राहिली. हे तुम्ही त्याला दोष द्यायला म्हणू नका, दोघांनी मिळून पुढचं ठरवायला म्हणा. संत्री मादी निघाली तर ती वीस वर्षांहून अधिक जगू शकते. तेव्हा तो चाळिशीकडे झुकलेला असेल, आणि मधल्या किती उन्हाळ्यांत तिचा डबा तुमच्या माठाशेजारी असेल कोण जाणे.

आणि ती मादी आहे की नर, हे कळायचा उत्तम मार्ग म्हणजे तिची कात. मादीच्या पोटातल्या एका पिशवीचं अस्तरही कातीबरोबर बाहेर पडतं, आणि पोटाकडचा भाग पसरून भिंगाखाली पाहिला की ते दिसतं. म्हणून ती फेकू नका. संत्री कातीपासून दूर सरकली, दोन-तीन दिवस गेले, की चिमट्याने कात उचला. हाताने नको, त्यावर जुने केस असतात, ते बोटांना खाजतात आणि डोळ्यात गेले तर फार त्रास देतात. वाळून कडक झाली असेल तर बशीत कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून तासभर भिजवा, ती मऊ होते. मग कागदावर पाय नीट पसरून सावलीत सुकवा, खाली तारीख लिहा, आणि छोट्या डबीत कापूस घालून ठेवून द्या. दिवाळीत तो घरी आला की भिंग घेऊन दोघं बसा.

तुमची,
सदरलेखिका